‘आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा’: लोकमान्य नगरातल्या काकांना उत्तर

पत्र (थोडं आटोपशीर करून):

वकीलताई, नमस्कार. मी वीज मंडळातून निवृत्त झालो, वय 66, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. मुलगा 28 वर्षांचा, सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत आहे. तो मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला आणि ती अ‍ॅप्स बंद पडली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आता कळतंय की त्यानंतर त्याने टेलिग्रामवरून कुठल्याशा परदेशी ऑनलाइन कॅसिनोची ‘आयडी’, म्हणजे खेळायचं लॉगिन खातं, घेतली. आजवर 2,60,000 घातले, 40,000 काढले. त्यातले शेवटचे 18,000 आमच्या दोघांच्या जॉइंट खात्यात आले आणि आठवड्याभरात ते खातं गोठलं. माझी पेन्शन त्यातच येते. बँक म्हणते, दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. कॅसिनोच्या आयडीवर अजून 3,40,000 जिंकलेले दिसतात, पण ते काढायला आधी 30 टक्के टॅक्स, म्हणजे 1,02,000 भरायला सांगतात. मुलगा म्हणतो, बाबा, एफडी मोडा, सगळं एकदम सुटेल. आयडी देणारा एजंट वर 85,000 उधारी काढतो आणि घरी माणसं पाठवीन म्हणतो. बँकेला ‘जुना लॅपटॉप विकला त्याचे पैसे आले’ असं सांगू, असं मुलाचं मत आहे. ऑफिसातल्या दोन मित्रांनाही त्याने आयडी मिळवून दिल्या आहेत. पोलीस त्याला पकडतील का? त्याच्या आईला यातलं काहीच माहीत नाही.

उत्तर:

काका, एफडी मोडू नका. बाकीचं सगळं उद्या सकाळी चहा घेताना वाचलंत तरी चालेल, पण हे आज.

ते 3,40,000 कुठेच नाहीत. स्क्रीनवर आकडा आहे, आणि तो आकडा ज्याने लिहिला त्याला तो दहा लाखही लिहिता आला असता. आता ‘टॅक्स’चं बघा. ऑनलाइन खेळात जिंकलेल्या निव्वळ रकमेवर आपल्याकडे 30 टक्के आयकर आहे, हे खरं. म्हणूनच ही थाप पटते. पण तो वसूल करायची रीत वेगळी आहे. 1 एप्रिल 2023 पासून नियम असा आहे, की पैसे देणाऱ्याने देतानाच त्यातून टीडीएस कापायचा, सरकारजमा करायचा, आणि ती कपात खेळणाऱ्याच्या पॅनवर, आयकर खात्याच्या नोंदीत दिसायची. तुमच्या पेन्शनमधून टीडीएस कापतात तेव्हा ‘आधी टॅक्स रोख आणून द्या, मग पेन्शन सोडतो’ असं कोणी म्हणतं का? मुलाला सांगा, त्यांना एकच उत्तर पाठव: 3,40,000 मधून 1,02,000 कापा आणि उरलेले 2,38,000 द्या. ते कापणार नाहीत, कारण कापायला तिथे काही नाहीच. आणि तो टॅक्सचा क्यूआर कोणाच्या नावाचा आहे तेही बघा. आयकर खात्याचे पैसे कुठल्यातरी ट्रेडर्सच्या किंवा फर्निचरच्या दुकानाच्या यूपीआयवर जात नसतात. हे 1,02,000 भरलेत, की पुढे ‘जीएसटी’ येईल, मग ‘खातं पडताळणी शुल्क’, मग ‘मनी लाँडरिंग क्लिअरन्स’. या सगळ्या पायऱ्या ठरलेल्या असतात.

मुलाच्या खऱ्या कराचा हिशेबही सांगून टाकते, म्हणजे तो धसका जाईल. घातले 2,60,000, हातात आले 40,000. निव्वळ जिंकणं काहीच नाही, मग त्यावर कर कसला? मात्र हे 2,20,000 चं नुकसान पगारातून वजा करून कर वाचवता येत नाही. ते गेले.

आता कायद्याकडे येऊ. तुम्ही ज्याला ‘ऑगस्टचा कायदा’ म्हणता तो ऑनलाइन गेमिंगचा संवर्धन आणि नियमन कायदा. 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत मांडला आणि त्याच दिवशी मंजूर झाला, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत. इतक्या घाईबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ते असो. रमीवाल्या, फँटसी क्रिकेटवाल्या मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ बंद केले. ई-स्पोर्ट्सला आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना कायद्याने मोकळीक ठेवली आहे. नातवंडांबरोबर मोबाइलवर ल्यूडो खेळत असाल तर खुशाल खेळा.

मुलगा बहुधा तुम्हाला म्हणाला असेल, की रमी हा कौशल्याचा खेळ आहे आणि सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय. म्हटलंय, 1967 मध्ये, आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात. पुढची कित्येक वर्षं सगळा धंदा त्या निकालाच्या आधाराने उभा होता. नव्या कायद्याने तो आधारच काढून घेतला: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, पैसे लावून जास्त पैसे मिळवायची आशा असेल तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’, आणि तो चालवायला बंदी. याविरुद्ध कर्नाटक, दिल्ली आणि आपल्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात याचिका गेल्या, त्या सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. तो वाद रमीसाठी, फँटसीसाठी महत्त्वाचा आहे. तुमचा मुलगा आता जे खेळतोय, रूलेट, तीन पत्ती, वर चढणाऱ्या विमानावरचा तो सट्टा, त्यात कौशल्याचा मुद्दा मांडायला कुठलाच शहाणा वकील उभा राहणार नाही.

‘पण त्यांच्याकडे क्युरासाओचं लायसन्स आहे’ हेही ऐकलं असेलच. क्युरासाओ हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथल्या परवान्याची इंदुरात काडीची किंमत नाही. भारताबाहेरून चालवलेला पण भारतात खेळता येणारा खेळही या कायद्याच्या कक्षेत आहे. गोव्यात मांडवीवर तरंगणारे कॅसिनो कायदेशीर आहेत ते तिथल्या राज्याच्या वेगळ्या कायद्याने, तिथे जाऊन बसून खेळण्यापुरते. मोबाइलवर येणाऱ्याला त्याचं संरक्षण नाही. सरकार अशा साइट बंद करायचे आदेश माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या 69ए कलमाखाली काढतं. भिलाईच्या महादेव बुक या सट्ट्याच्या अ‍ॅपचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल, नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच्यासकट 22 अ‍ॅप आणि साइट अशाच बंद केल्या होत्या. एक बंद झाली की टेलिग्रामवर दुसरी लिंक येते, आणि जुन्या लिंकवरचा ‘बॅलन्स’ नव्या लिंकवर दिसेलच याची हमी कोण देणार?

मग पोलीस पकडतील का? या कायद्यात नुसतं खेळणाऱ्यासाठी शिक्षेचं कलमच नाही. सरकारने संसदेत भूमिकाच अशी घेतली, की खेळणारा हा बळी आहे, गुन्हेगार नाही. शिक्षा आहे ती चालवणाऱ्याला: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेवढीच शिक्षा पैशांची ने-आण करून देणाऱ्याला. आणि जाहिरात करणाऱ्याला, लोकांना खेळायला ओढणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चालवणं आणि पैशांची सोय करणं हे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे आहेत. याशिवाय आपल्या राज्यात 1867 चा सार्वजनिक द्यूत अधिनियम राज्याच्या दुरुस्त्यांसह चालतोच, ज्याला आपल्याकडे सगळे ‘जुआ एक्ट’ म्हणतात. आणि सगळी राज्यं खेळणाऱ्याला सोडतात असंही नाही. तमिळनाडूच्या 2022 च्या कायद्यात ऑनलाइन जुगार खेळणाऱ्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड आहे. आयटीतल्या मुलांच्या बदल्या चेन्नईला होतात, म्हणून सांगितलं.

इथवर वाचून हायसं वाटलं असेल तर आता जरा थांबा, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ शेवटून तिसरी आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात. दोन मित्रांना आयडी मिळवून दिल्या. त्याबद्दल त्याला ‘रेफरल बोनस’ मिळाला का? मिळाला असेल तर मुलगा नुसता खेळणारा राहिला नाही. कायद्याचे शब्द ‘मदत करणं, चिथावणं, प्रवृत्त करणं’ इतके पसरट आहेत, की त्यात एजंटाचा एजंटही बसू शकतो. लगेच गुन्हा दाखल होईल असं मी म्हणत नाही. दोन मित्रांसाठी क्राइम ब्रांच धावत येत नाही. पण त्या दोघांपैकी एकाचे चार लाख बुडाले आणि त्याच्या वडिलांनी तक्रार दिली, तर त्या कागदावर पहिलं नाव तुमच्या मुलाचं असेल. आजपासून एकही लिंक, एकही स्क्रीनशॉट कोणाला पुढे पाठवायचा नाही. आणि आधीचे चॅट डिलीट करायचे नाहीत. घाबरून पुसायची पहिली इच्छा होते, म्हणून मुद्दाम सांगते.

आणखी एक त्याला स्पष्ट विचारा, आडून आडून विचारू नका: स्वतःचं खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कोणाला ‘महिन्याच्या भाड्याने’ दिलंय का? तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण आयडीनंतरची पायरी बऱ्याचदा हीच असते. आधी उधारी चढवायची, मग ‘पैसे नाहीत ना, मग खातं दे, वळते करून टाकू’ म्हणायचं. असं दिलेलं खातं म्हणजे पैशांची ने-आण करणाऱ्या कलमात सरळ उडी. दिलं असेल तर हे उत्तर पुरेसं नाही. फौजदारी वकिलाकडे त्याच दिवशी जा.

आता गोठलेल्या खात्याकडे. हे नीट समजून घ्या, कारण मुलाची चूक इथे तुमच्या पेन्शनवर आली आहे.

कॅसिनोवाले जिंकलेले पैसे स्वतःच्या खात्यातून पाठवत नाहीत. त्यांच्या हाताशी भाड्याची खाती असतात. त्याच खात्यांत कुठल्यातरी आजींना ‘डिजिटल अरेस्ट’ दाखवून लुबाडलेले पैसे, शेअर ट्रेडिंगच्या नावाने उकळलेले पैसेही येतात. त्यातलेच 18,000 तुमच्या मुलाला ‘विथड्रॉवल’ म्हणून मिळाले. तिकडे ज्याचे पैसे गेले त्याने 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. मग पोलीस आणि बँका त्या पैशांचा माग काढत एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात आणि जिथे जिथे ते गेले तिथे होल्ड लावतात. तुमचं खातं त्या साखळीत आलं. यात तुम्ही आरोपी झालात असं नव्हे.

करायचं असं. शाखेत तोंडी बोलून येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात चार गोष्टी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती, आणि पोलिसांच्या पत्राची प्रत. बहुतेक वेळा त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 चा उल्लेख असतो. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने अर्ज पाठवा. सोबत पेन्शनचा पीपीओ (मंजुरीचा आदेश), वर्षभराचं स्टेटमेंट, आणि अर्जात सरळ मागणी: वादातले 18,000 तपास संपेपर्यंत होल्डवर ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. ही मागणी अवाजवी मुळीच नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच अनेक प्रकरणांत बँकांना सांगितलं, की गोठवायचं ते पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतं. तो निकाल मध्य प्रदेशात बंधनकारक नसला, तरी अर्जात त्याचा दाखला देता येतो. अर्ज पडून राहिला तर त्याच संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येतं, किंवा उच्च न्यायालयाच्या आपल्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते. तोवर पेन्शन दुसऱ्या बँकेतल्या, फक्त तुमच्या आणि काकूंच्या नावाच्या खात्यात वळवायचा अर्ज लगेच टाका. मुलाचं नाव त्यात नको. त्याला वाईट वाटेल, वाटू दे.

आणि लॅपटॉपची गोष्ट विसरा. पोलिसांकडे पाठवणाऱ्या खात्याचा सगळा इतिहास आहे. त्यात तुमच्या मुलासारखे शेकडो ‘लॅपटॉप विकणारे’ सापडतील. खरं सांगितलं तर तो जुगारात पैसे हरलेला एक तरुण ठरतो. खोटं सांगितलं तर लपवणारा ठरतो, आणि लपवण्यासारखं काय होतं हा प्रश्न त्याच्यामागे लागतो. फक्त मित्रांच्या आयडींचा मामला आहे म्हणून लेखी जबाब वकिलाला दाखवूनच द्यावा. खरंच लिहायचं, पण कसं आणि किती लिहायचं ते वकिलाने बघावं.

पोलिसांची नोटीस आली तर तिच्यावर त्याच संहितेचं कुठलं कलम लिहिलंय ते वाचा. 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. 35(3) असेल तर संशयित म्हणून. दोन्ही वेळा हजर राहायचं, पण दुसऱ्या वेळी वकील सोबत हवा. खातं जॉइंट असल्याने तुमच्या नावानेही 179 ची नोटीस येऊ शकते. तुम्ही साठीच्या पुढचे आहात, त्यामुळे साक्षीदार म्हणून तुम्हाला राहत्या जागेबाहेर कुठे हजर व्हायला लावता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. परराज्यातून फोन करून ‘उद्या इकडे या’ म्हणाले तर नम्रपणे हे कलम सांगा. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून कोणी ‘अटक’ करू लागला तर फोन ठेवून द्या, अशी अटक कायद्यात नाही.

एजंटाच्या 85,000 बद्दल थोडक्यात. भारतीय करार कायद्याच्या (1872 चा) कलम 30 प्रमाणे पैजेचा करार मुळातच पोकळ आहे. त्या पैशांसाठी तो कोर्टात जाऊ शकत नाही, आणि स्वतः जे करतोय ते पाहता पोलिसांतही जाणार नाही. उरते ती धमकी. कॉल रेकॉर्ड करा, मेसेज जपा, एक पैसा देऊ नका, आणि माणसं खरंच दारात आली तर 112. लोकमान्य नगरासारख्या वस्तीत शेजारच्या दोन घरांना आधी कल्पना देऊन ठेवणं हे पोलिसांइतकंच कामाचं. लाज वाटेल हे मला कळतं. पण एजंटाचा सगळा भरवसा त्या लाजेवरच आहे. मित्रांकडून, बँकेकडून, लोन अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज मात्र वेगळं. ते जुगारासाठी घेतलं म्हणून माफ होत नाही. ते किती आहे हे मुलाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. त्याला शेजारी बसवून चारही काढा. 2,60,000 हा आकडा त्याने सांगितलेला आहे, हे विसरू नका.

काकूंना सांगा. तुम्ही दोघं पुरुष मिळून घरात एक गोष्ट दडवताय, आणि एफडीवर त्यांचीही सही असणार. पेन्शनचं खातं बंद पडल्यावर वाणसामानाचे पैसे कुठून येताहेत हे त्यांना दिसत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं?

मुलाशी बोलताना ‘कायद्याने बंदी आहे’ हा मुद्दा फार ताणू नका. त्याला ते माहीत आहे. रमीचं अ‍ॅप बंद झालं तेव्हा त्याचा खेळ थांबला नाही, उलट केवायसी, टीडीएस, तक्रार निवारण अधिकारी असं थोडंफार कुंपण होतं तेही सोडून तो बाहेर गेला. कायद्याने दुकान बंद केलं, हात थांबवणं कायद्याला जमत नाही. गेलेले वसूल करायला पुन्हा लावायचे, हेच या व्यसनाचं मुख्य लक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, तेव्हा डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. एमवाय रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा आधी घरूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला, मराठीतही बोलता येतं. तो रात्री ‘सगळं संपवून टाकावंसं वाटतं’ असं काही बोलला असेल, थट्टेतही, तर बँकेच्या आधी हे काम. त्याच्या फोनवरचे प्री-अप्रूव्ह्ड लोनचे पर्याय बंद करून घ्या, यूपीआयची रोजची मर्यादा त्याच्याच हाताने कमी करायला लावा. आणि त्याचं सगळं कर्ज एका फटक्यात फेडून टाकू नका. हप्ते त्याच्या पगारातून जाऊ देत.

टॅक्सच्या नावाने पैसे मागणं ही स्वतंत्र फसवणूक आहे, तिची तक्रार 1930 वर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर मुलाने स्वतः द्यायची, वर म्हटल्याप्रमाणे वकिलाला मजकूर दाखवून. वकिलाची फी झेपण्यासारखी नसेल, आणि पेन्शन अडकल्यावर नसणारच, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाला 15100 वर फोन करा. पात्रतेत बसलात तर वकील मोफत मिळतो. जाताना बँकेच्या अर्जाची पोच, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, टॅक्स मागणाऱ्या मेसेजचे आणि त्या क्यूआरचे प्रिंट, आणि मुलाचा तोच फोन न्या ज्यावर टेलिग्राम आहे. मुलाला बरोबर न्या. तो ‘ऑफिस आहे’ म्हणेल. रजा टाकायला लावा.